पुढच्या दाराने आलेली बाई

माझी बायको इश्बेल गेली त्या सकाळी ओली मोवाट आला. ओली आमच्या बेटावरचा सुतार. बोटींची डागडुजी, घरांची दारं, शवपेट्या, सगळं त्याच्याकडेच. टोपी काढून तो स्वयंपाकघरात उभा राहिला.

"जिमॉक, बोट दुपारी सुटते," तो म्हणाला. "त्यानंतरची सोमवारी. पाठवायची, की घरी ठेवायची?"

"चहा घे," मी म्हणालो.

"चहा घेतो. पण विचार कर."

आमच्याकडे माणूस गेलं की पुरेपर्यंत घरातच असतं, पुढच्या खोलीत. शेजारी येतात, बसतात, गुरांचं नि हवेचं बोलतात, मध्येच गेलेल्याचं काहीतरी आठवून हसतात. माझे आईबाप असेच गेले. इश्बेलने मात्र आपला मेंदू संशोधनाला द्यायचं ठरवलं होतं. तो एक-दोन दिवसांत दक्षिणेला प्रयोगशाळेत पोचला नाही तर त्याचा उपयोग नसतो. तिने सगळी व्यवस्था करून ठेवली होती. माझा होकार तेवढा राहिला होता, आणि तो मी तिला शेवटपर्यंत दिला नव्हता.

मी किटली ठेवली. पाणी उकळेपर्यंत मला ती पहिल्यांदा आली तो दिवस आठवत राहिला.

आम्ही ऑर्कनीची, स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या बेटांवरची माणसं मागच्या दाराने ये-जा करतो. पुढचं दार लग्नाला आणि मरणाला. त्या दिवशी आम्ही जेवत होतो आणि पुढच्या दारावर थाप पडली. आईच्या हातातला चमचा खाली पडला.

"कोण गेलं?" ती म्हणाली.

बाबांनी आतून दार ओढून पाहिलं. खाऱ्या हवेने ते फुगून चौकटीत बसलं होतं. मग मी मागून घराला वळसा घालून गेलो. पिवळा रेनकोट घातलेली एक तरुण बाई बॅग धरून उभी होती.

"दार उघडत नाही," मी म्हणालो. "मागून या."

"मागून?"

"तुम्ही मेलेल्या नाही ना? मग मागूनच."

ती डंडी शहरातून आलेली डॉक्टर होती, मेंदूच्या आजारांची. मल्टिपल स्क्लेरॉसिसचा अभ्यास करत होती. मेंदूतून आणि कण्यातून निघणाऱ्या तंतूंवरचं आवरण या आजारात जागोजागी खराब होतं. पुढे मी तिला विचारलं होतं, म्हणजे गोठ्यातल्या वायरचं प्लास्टिक उंदरांनी कुरतडल्यासारखं का? ती म्हणाली, जवळजवळ तसंच, फक्त इथे उंदीर कोण ते कळत नाही. जगात हा आजार सगळ्यात जास्त आमच्या बेटांवर. का, ते शोधायला ती आली होती, आणि तिला माझ्या थोरल्या बहिणीला भेटायचं होतं.

बीनी तेव्हा तिशीची होती. चालता चालता पाय लटपटायचे, भांडी घासताना डोळ्यांसमोर धूसर व्हायचं. लोक म्हणायचे, ड्रेव्हरांची बीनी बापाने घरी केलेल्या बिअरवर हात मारते. आईसुद्धा पिंपावर लक्ष ठेवायला लागली होती.

इश्बेलने तिचे गुडघे ठोकून पाहिले, डोळे पाहिले, मग विचारलं, "गरम पाण्याने अंघोळ केली की पाय जास्त लटपटतात का?"

बीनी खुर्चीत पुढे सरकली. "हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. या आजारात अंग तापलं की त्रास वाढतो. भांडी घासताना पाणी गरम असतं ना?"

"आई, ऐकलंस?" बीनी म्हणाली. "बिअर नव्हती ती."

आई उठली आणि त्या बाईच्या ताटलीत जवाची भाकरी नि चीज वाढायला लागली. ती नको म्हणत होती, आई वाढत होती.

मग इश्बेल माझ्याकडे वळली. "तुम्हाला काही त्रास?"

"भूक लागते."

"मग तुमचंही रक्त लागेल. तुलना करायला निरोगी माणसंही लागतात. तुम्ही कामाचे आहात."

"लिहून द्या, डॉक्टरबाई," बीनी म्हणाली. "आजवर कोणी त्याला तसं म्हटलेलं नाही."

माझी शेवंडं पकडायची बोट होती. त्या उन्हाळ्यात मी सापळे बाजूला ठेवून तिला या बेटावरून त्या बेटावर नेलं. तिला समुद्र लागायचा. उलटी करून, तोंड पुसून ती धक्क्यावर चढायची आणि कोणाच्या तरी स्वयंपाकघरात जाऊन विचारायला लागायची, लहानपणी कच्चं दूध प्यायचात का, गोवर कधी आला, घरात कुत्रा होता का. मी कोपऱ्यात बसून चहा प्यायचो. प्रत्येक घरी चहा घ्यावाच लागायचा. मागच्या दाराने जायचं तिला मीच शिकवलं. तिसऱ्या उन्हाळ्यात आमचं लग्न झालं, तेव्हा ओलीने रंधा मारून पुढचं दार उघडलं. बीनी काठी टेकत तिच्या मागे बाहेर पडली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "घ्या, डॉक्टरबाईंना शेवटी दार सापडलं."

कुत्र्याचं प्रकरण बरीच वर्षं चाललं. कुत्र्यांना होणाऱ्या एका तापाचा या आजाराशी संबंध असावा असं तेव्हा काही जणांना वाटत होतं. इश्बेलने बेटावरच्या कुत्र्यांची जन्मापासूनची माहिती गोळा केली. एका हिवाळ्यात ती शहरातल्या हॉस्पिटलमधून घरी आली, बूट काढले आणि म्हणाली, "कुत्रा नाही."

बीनी तोवर चाकाच्या खुर्चीत होती. आमचा कुत्रा मॉस तिच्या पायाशी झोपलेला होता. "मी सांगितलंच होतं," ती म्हणाली. "त्याला तो हाडाचा तुकडा द्या. इतकी वर्षं बिचाऱ्यावर आळ होता."

"तुला वाईट नाही वाटत?" मी इश्बेलला विचारलं.

"वाटतं. पण हे नाही, हेसुद्धा कोणीतरी सांगायला लागतं." आणि ती रात्रीच्या जेवणासाठी सलगम सोलायला बसली.

पुढे दूध झालं, ऊन झालं, मग रक्तातले पिढीजात गुण. काहींत थोडं सापडलं, पुरतं कशातच नाही. इतर देशांतल्या लोकांनीही बरंच शोधलं, औषधं आली. ओलीच्या मुलीला, इंगाला, विशीत हाच आजार निघाला. ती वर्षातून दोनदा शहरात जाऊन सलाइनमधून औषध घेऊन येते आणि बेटाच्या प्रवासी बोटीवर दोर सांभाळायचं काम करते. बीनीच्या वेळेला त्यातलं काहीच नव्हतं.

मेंदू द्यायचं बीनीने स्वतःच ठरवलं. इश्बेलला तिच्यापाशी तो विषय काढायचा धीर झाला नव्हता. बीनी गेली तेव्हा मी आणि ओलीने तिला त्याच दिवशी बोटीवर चढवलं. परत आलो तर इश्बेल गोठ्यात गाईच्या पाठीवर कपाळ टेकून उभी होती. मी शेजारी उभा राहिलो, मग दोघं आत आलो आणि चहा केला.

गेल्या वर्षी इश्बेलच्या पोटात कॅन्सर निघाला. वसंतात एकदा खिडकीशी बसलेलो असताना तिने विषय काढला.

"आजारी माणसं मेंदू देतात, जिमॉक. धडधाकट माणसांना वाटतं, आपला काय संबंध. तुलनेला निरोगी मेंदू मिळतच नाहीत."

"आणि तू धडधाकट?"

"मानेच्या वर ठणठणीत आहे."

मी हसलो नाही.

"बीनीला तूच चढवलंस ना बोटीवर?"

"चढवलं. पण बोट गेल्यावर घरी तू होतीस."

तिने माझ्या हातावर हात ठेवला. "तू नाही म्हणालास तरी चालेल."

हे ती सगळ्यांनाच म्हणायची. नाही म्हणणाऱ्यांकडेही ती पुन्हा चहाला जायची, आणि त्या घरचं पोर आजारी पडलं तर आधी तिलाच फोन यायचा. त्यामुळे मला ठाऊक होतं की ती मनापासून म्हणते आहे. पण त्याने सोपं काहीच झालं नाही.

किटली वाजली. मी दोन कप भरले. ओली टेबलाशी बसला. त्याच्या हातांना लाकडाचा वास होता.

"ठेवायची असेल तर पुढची खोली मी लावून घेतो," तो म्हणाला. "लोकांना सांगतो. चहापाण्याचं माझी बायको बघेल. तू काही करायचं नाहीस."

मी त्याच्याकडे पाहिलं. बेटावर कोणी मला पाठव म्हणायचं तर ते ओलीने. त्याची मुलगी त्या वेळी धक्क्यावर दोर गुंडाळत असणार. पण तो इंगाबद्दल एक अक्षर बोलला नाही. साखर घालून चहा ढवळत बसला, आणि डोळे कपातून वर काढले नाहीत. खरं तर ढवळून कधीच झालं होतं.

"रंधा आणलायस?" मी विचारलं.

"कशाला?"

"पुढचं दार अडकलंय. लग्नानंतर आई-बाबांना नेलं तेव्हा उघडलं होतं आणि बीनीला. परत फुगलंय. बोटीच्या आधी उघडायला हवं."

ओली उठला. "गाडीत आहे," तो म्हणाला, आणि जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेला.

त्याने दार बिजागरीवरून उतरवलं आणि ओट्यावर आडवं टाकलं. रंध्याच्या साली वाऱ्याने अंगणभर उडत होत्या. तो दाराचं काम करत होता तोवर मी तिच्याजवळ बसलो. घरी ठेवायच्या तीन दिवसांऐवजी मला तेवढाच वेळ मिळाला. मी तिला गाईंचं सांगितलं, हवेचं सांगितलं. कुत्रा नाही, असं म्हणाली होती त्या संध्याकाळचं सांगितलं.

शेजारी वाटेच्या दोन्ही बाजूंनी येऊन उभे राहिले. आम्ही तिला पुढच्या दाराने काढलं. धक्क्यावर इंगाने पेटी नीट बांधून घेतली, गाठ दोनदा तपासली.

"मी आहे तिच्याजवळ, काका," ती म्हणाली. "पार पलीकडे पोचेपर्यंत."

मंगळवारी इश्बेल परत आली. एक रात्र पुढच्या खोलीत राहिली, लोक आले, बसले. दुसऱ्या दिवशी तिला बीनीशेजारी पुरलं. पेटी खड्ड्यात सोडताना डोक्याकडचा दोर माझ्या हातात होता.

परवा प्रयोगशाळेतून एका तरुण डॉक्टरचा फोन आला. आभार मानायला. तो म्हणाला की तिच्या मेंदूचे पातळ काप करून काचेवर घेतले आहेत, आणि याच बेटांवरच्या आजारी माणसांच्या कापांशेजारी ठेवून पाहत आहेत. कोणाच्या शेजारी, ते तो सांगू शकत नव्हता. तिथे नावं नसतात.

"काही सापडलं का?" मी विचारलं.

"अजून नाही," तो म्हणाला, जरा ओशाळून.

"नाही, तर नाही म्हणून सांगा," मी म्हणालो. "तेही कोणीतरी सांगायला लागतं."

फोन ठेवून मी सलगम सोलायला बसलो. नावं नसोत, माझ्या मनात त्या दोघी एकाच काचेवर होत्या. बीनी म्हणत असणार, जरा सरका, डॉक्टरबाई, आयुष्यभर माझ्याकडे बघून झालं, आता मला तुमच्याकडे बघू द्या.