कागदाखालची बाई

आई गेली तेव्हा तिचं शेवटचं काम पुरं झालेलं होतं, पण ते कोणी पाहिलेलं नव्हतं. तिनेसुद्धा.

मोझेकची तिची पद्धतच तशी होती. परांचीवर चढून भिंतीत एकेक तुकडा बसवणं गुडघ्यांना झेपेना, तेव्हापासून ती घरी, जेवणाच्या टेबलावर काम करायची. जाड कागदावर चित्र उलटं काढायचं, आरशात दिसावं तसं. मग फोडलेल्या टाइल्सचे तुकडे रंगीत बाजू खाली करून खळीने त्यावर चिकटवायचे. वर दिसते ती नुसती टाइल्सची पाठ, सगळीकडे सारखी विटकरी. असा भरलेला तक्ता भिंतीवरच्या ओल्या सिमेंटात दाबायचा, कागद भिजवायचा आणि सोलून काढायचा. चित्राचं तोंड दिसतं ते त्या वेळी. "हा असा स्वयंपाक आहे," आई म्हणायची, "की मीठ कळतं ते पाहुण्यांनी घास घेतल्यावर."

भिंत होती स्टेशनच्या भुयारी मार्गातली, जिन्याच्या कडेची. शहराची कला योजना दरवर्षी अशा काही भिंती चित्रकारांना देते. अर्ज शेकड्यांनी येतात. भिंत मिळाली तरी मंजूर झालेल्या रेखाटनाबरहुकूम काम व्हावं लागतं, आणि प्रत्येक भिंतीमागे एक राखीव चित्रकार असतो. पहिल्याचं काम अडलं किंवा नियमात बसलं नाही, तर भिंत त्याची. आई गेल्यावर योजनेच्या प्रमुख बाईंनी आम्हाला एवढी सवलत दिली, की तक्ते तयार असतील तर घरच्यांनी ते बसवून घ्यावेत. मात्र रेखाटनाशी जुळले पाहिजेत. बसवायच्या दिवशी राखीव चित्रकारही हजर राहील.

ती हजर होती. तिशीतली, उंच, खांद्यावर हत्यारांची पिशवी. जिन्याच्या तळाशी भिंतीला पाठ लावून उभी.

"बारावा गडी पॅड बांधूनच आलाय," दादा माझ्या कानात म्हणाला.

"हळू बोल."

"ऐकू दे की. आपली विकेट पडायची वाट बघतेय."

मला त्याचा राग आला नाही. आईच्या आजारपणात रात्रंदिवस तिचं सगळं त्यानेच केलं होतं. ते तक्ते टेबलावरून उचलून सपाट फळीवर रचून ठेवणंही त्यानेच केलं. ते भिंतीवर लागलेले त्याला बघायचे होते. मलाही. दुसरं काही मागण्यासारखं उरलंच नव्हतं.

गवंडीकाकांनी सगळे तक्ते सकाळीच दाबून बसवले होते. आता ते ओला स्पंज घेऊन कागद भिजवत होते. प्रमुख बाई हातात मंजूर रेखाटन धरून दोन पायऱ्या खाली उभ्या होत्या. रेखाटन साधं होतं: जिना चढणारी माणसं. प्रत्येकाचं तोंड वर, बाहेरच्या दाराकडे, आणि प्रत्येकाचा हात चढत जाणाऱ्या एका कठड्यावर. सगळ्यात वर, शेवटच्या तक्त्यात, पिशवी घेतलेली एक बाई पोहोचलेली.

"काका, जपून."

"ताई, बाळाचं दुपटं सोडवतोय असं समजा." त्यांनी पहिला कोपरा नखाने उचलला आणि कागद खाली ओढला.

आतून निळा आला. काय निळा होता तो. हमालाचा सदरा, त्याच्या मागे शाळकरी मुलगी, तिच्या वेणीचे बारीक काळे तुकडे. प्रत्येकाच्या उजव्या गालावर, उजव्या खांद्यावर पिवळ्याची एकेक चीप, वरून दारातून येणारा उजेड. प्रमुख बाई रेखाटन आणि भिंत आळीपाळीने बघत मान हलवत होत्या. दुसरा, तिसरा, चौथा. दादाने माझं मनगट धरलं होतं. प्रत्येक कागद निघाला की त्याची पकड जरा ढिली व्हायची आणि पुढच्याला पुन्हा घट्ट.

शेवटचा तक्ता आईने अंथरुणावर केला होता. टेबलापर्यंत येणं बंद झालं तेव्हा दादाने तिच्या मांडीवर फळी ठेवून दिली. औषधांनी ती अर्धा वेळ गुंगीत असायची. दार लावून घ्यायची. कोणी बघितलेलं तिला चालत नसे.

काकांनी तो कागद ओढला आणि हात तसाच हवेत ठेवून थांबले.

चित्रातली बाई खाली बघत होती. वर दाराकडे तोंड करायच्या ऐवजी ती वळून, चढून आलेल्या सगळ्यांकडे तोंड करून उभी होती. चढत आलेला कठडा तिच्यापाशी तुटून उलट्या दिशेने उतरू लागला होता. सांध्यावर वीतभर अंतर पडलं होतं.

स्पंजातलं पाणी पायरीवर टपटपत होतं.

"बाप रे," प्रमुख बाई अगदी हळू म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढला. "सगळे वर चाललेत आणि ही एकटी परत खाली उतरतेय. तुमच्या आईंना माहीत होतं ना, आपण आता..." त्या माझ्याकडे वळल्या. "हे रेखाटनात नाही. पण कलाकाराने हेतुपूर्वक बदल केला असेल, तर मला तसं नोंदवता येतं. त्या आता नाहीत, म्हणून तुम्ही सांगायचं. मुद्दाम आहे ना हे?"

"मुद्दामच आहे," दादा म्हणाला. "आई तशीच होती. लिहा तुम्ही."

"यांना विचारलंय. अर्जावर वारस म्हणून सही यांची आहे."

मी भिंतीच्या जवळ गेले. ती बाई सुंदर होती. रस्त्यात थबकून मागे बघणाऱ्या माणसाच्या मानेला असतो तसा ताण तिच्या मानेत होता. लोक इथे थांबतील, हळवे होतील, आपापल्या गेलेल्या माणसांना तिच्यात बघतील. मी स्वतः परकी असते तर थांबले असते.

पण उजेड चुकला होता.

पिवळ्या चिपा तिच्या डाव्या गालावर होत्या, खालच्या बाजूला. आईला बाई वळवायची असती, तर तिने फक्त बाई वळवली असती. दार होतं तिथेच राहिलं असतं आणि उजेड तिच्या पाठीवर पडला असता. इथे बाईबरोबर कठडा वळला होता, पिशवीचा हात बदलला होता, सूर्यसुद्धा बाजू बदलून भुयाराच्या तळातून उगवला होता. आई चित्र उलटं काढायला विसरली होती. एवढंच झालं होतं.

मी वळले तेव्हा राखीव चित्रकार वर आली होती. तिची नजर बाईच्या गालावर होती. मग ती माझ्यावर आली. तिला कळलं होतं. तिने एक शब्द काढला असता तर भिंत तिची होती, आणि ती ओठ मिटून उभी होती.

"सिमेंट धरत चाललंय, ताई," काका म्हणाले. "काय ते आत्ता सांगा. आत्ता थापीने निघेल. नंतर छिन्नी लावावी लागेल, आणि मग शेजारचेही हादरतील."

"अगं, हो म्हण ना," दादा म्हणाला. "एका शब्दाचा प्रश्न आहे."

एका शब्दाचाच होता. मी वाचलेल्या कितीतरी पुस्तकांत अशा शब्दाने माणसं तरून जातात, आणि मला ते नेहमी पटलेलं आहे. पण आईने एकदा एका दवाखान्यातली पूर्ण झालेली भिंत एका पक्ष्याच्या पायासाठी उखडली होती. पाय चुकीच्या बाजूला वाकला होता, बाकी कोणाला दिसतही नव्हता. एका समीक्षकाने तिच्या कुठल्याशा गफलतीत खोल अर्थ शोधला, तेव्हा ती आठवडाभर धुमसत होती. "चुकले तर चुकले म्हणा," ती म्हणाली होती. "मी मेल्यासारखं मला समजून घेऊ नका."

"चुकलंय," मी म्हणाले. "कागदावर सुलट काढलं गेलंय. उजेड बघा."

प्रमुख बाईंनी चष्मा लावला. त्यांना दिसायला वेळ लागला. दिसलं तेव्हा त्यांचा चेहरा कोणीतरी हातातलं काढून घ्यावं तसा झाला. "तुम्हाला कळतंय ना, मग मला हा तक्ता ठेवता येत नाही?"

"कळतंय."

"बाकीचे राहतील. हा एवढा राखीव चित्रकाराकडे जाईल. मंजूर रेखाटनाप्रमाणे."

"हो."

दादा माझ्यापासून मागे सरला. "तिने मांडीवर फळी घेऊन केलंय ते," तो म्हणाला. "तू तिथे होतीस का? तिचे हात बघितलेस का तू? तुझं ते पुस्तकातलं खरं तुझ्याजवळ ठेव." तो जिना चढून निघून गेला. वर रस्ता अडवायला बांधलेल्या दोरीच्या पलीकडे त्याची पाठ थोडा वेळ दिसली, मग नाही.

काकांनी थापी पुढे केली होती. मी त्यांच्या हातातून घेतली. त्यांनी नुसतं दाखवलं, कड कुठून धरायची, किती तिरकी घालायची. पहिल्यांदा पिशवी निघाली. मग कठडा, लांब पट्टीसारखा अखंड. चेहरा मी शेवटी ठेवला. थापी आत सरकली तेव्हा सिमेंटाने धरल्यासारखं केलं, आणि मग तो माझ्या तळहातावर आला. तीन तुकड्यांत.

"पाण्यात टाका सगळं," काका म्हणाले. "वाळलं की तुकडे कामातून जातील."

बादली भरली. राखीव चित्रकार माझ्याशेजारी उकिडवी बसली.

"ताई, हा पिवळा आता मिळत नाही. ती भट्टी बंद झाली." ती बादलीत बघत होती, माझ्याकडे नाही. "मला हेच तुकडे लागतील. सगळे."

मी ते घरी न्यायचे ठरवले होते. ठरवलं होतं हे तिने मागितल्यावर मला कळलं. घरात आईच्या हाताचं, अजून कोणी न हाताळलेलं असं काही राहिलं नव्हतं. मी बादलीत हात घालून चेहऱ्याचे तुकडे चाचपले. पाणी गढूळ होतं, कुठला गाल आणि कुठलं कपाळ ते कळेना.

"घ्या," मी म्हणाले. "सगळे घ्या."

"चेहरा ठेवता का?"

"नको. बाईला चेहरा कशाचा लावाल मग?"

ती हसली नाही. तिने पिशवीतून ब्रश काढला आणि एकेक तुकडा घासून कापडावर मांडू लागली. मीही घासू लागले. सिमेंट नखांत जात होतं. वर भिंतीत शेवटची चौकट राखाडी, ओली उघडी होती, आणि काका तिच्या कडा सारख्या करत होते.

काही वेळाने पायऱ्यांवर बूट वाजले. दादा होता. त्याचे डोळे लाल होते आणि तो माझ्याकडे बघत नव्हता. त्याने पँट गुडघ्यावर ओढली आणि बादलीच्या पलीकडे, आमच्या दोघींच्या समोर, उकिडवा बसला.

"ब्रश आहे का अजून एक?" त्याने तिला विचारलं.