विहिरीवरचे नऊ चौकोन

ऑफिसात मला साबणराव म्हणतात. जुने नकाशे स्वच्छ करणं हे माझं काम, त्यामुळे या नावाचा मला कधी राग आला नाही. बावीस वर्षांपूर्वी मी साफ केलेला, एका बड्या जमीनदाराच्या सगळ्या जमिनीचा नकाशा जिन्याच्या भिंतीवर काचेत लावलाय. त्याच्यापुढून जाताना मी रोज उगाच रेंगाळायचो. आपलीच पाठ आपणच थोपटायची, दुसरं काय!

त्या काळच्या मोजणीदारानं मालकाचं एकेक झाड काढलंय, घोड्यांची पागा काढलीय, कुत्र्यांचं घरसुद्धा सोडलेलं नाही. मजुरांच्या वस्तीचा मात्र पत्ता नाही.

मंगळवारी एक बाई आली. माझ्याच वयाची, काखेत कापडी पिशवी. नकाशापुढे उभी राहून तिनं चष्मा पुसला, पुन्हा पुसला.

"दादा, विहिरीच्या वर नऊ घरं होती ना? पेन्सिलनं काढलेली?"

"इथे तसं काही नाही, ताई."

"असं कसं? माझ्या वडिलांनी इथेच येऊन पाहिली होती. विहिरीपासून तिसरं आपलं, म्हणायचे." मग तिनं सगळं सांगितलं. ती जमीन आता एका कारखान्यानं घेतलीय. वस्ती मागाहून येऊन बसलीय, असं ते म्हणतात. परवा सुनावणी. जुन्या नकाशात घरं दिसली तर राहायचं, नाहीतर उठायचं.

ते चौकोन मला लख्ख आठवले. आम्ही खोडरबराचा चुरा करून कागदावर बोटांनी हलके फिरवतो, तसा फिरवून मीच ते घालवले होते. मूळ नकाशात नाही ते ठेवायचं नाही, असा माझा खाक्या होता. शाईला धक्का न लावता पेन्सिल काढली म्हणून साहेबांनी चारचौघांत कौतुक केलं होतं.

"तुमच्या वडिलांची काहीतरी चूक झाली असेल," मी म्हणालो.

मेलेल्या माणसाला खोटं पाडलं मी, तेही त्याच्या मुलीसमोर. तिनं वाद घातला असता तर बरं झालं असतं.

"असेल," ती म्हणाली. "शेवटी शेवटी त्यांना नीट आठवायचं नाही." आणि कठडा धरून जिना उतरू लागली.

मी खोलीत येऊन बसलो. समोर कपाटात त्या वर्षीच्या कामाची नोंदवही होती. नकाशावरून काहीही काढायचं तर आधी ते वहीत उतरवायचं, असा आमच्याकडे नियम आहे. ती वही बावीस वर्षांत कुणी उघडली नव्हती. सहा महिन्यांत मी निवृत्त होणार. झाकली मूठ सव्वा लाखाची, मी स्वतःला बजावलं. पण कानशिलं तापली होती आणि खुर्चीवर बसवेना. इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती. वही घेऊन मी धावतच खाली गेलो.

बाई दाराजवळच्या बाकावर बसून बाटलीतलं पाणी पीत होती.

"ताई, तुमचे वडील बरोबर होते. घरं मी पुसली."

मी पान उघडून तिच्या मांडीवर ठेवलं. पुसण्याआधीची नोंद: विहिरीच्या वर पेन्सिलचे नऊ चौकोन, खाली जमीनदाराच्या कारभाऱ्याची सही, मोजणीनंतर दोनच वर्षांची तारीख. माझ्याच वळणदार अक्षरात सगळं होतं, शेवटी माझी सही.

"हे चालेल परवा?"

"चालेल. मी स्वतः येऊन सांगतो."

तिचं बोट ओळीवरून सरकत 'प्रकार' या रकान्यापाशी थांबलं. डाग, बुरशी, घाण, यांतलं एक तिथे लिहायचं असतं.

"हे काय लिहिलंय?"

तिला वाचता येत होतं. तरी मी सांगितलं, "घाण."

तिनं वही मिटून माझ्या हातात दिली.

"परवा तिथे सगळं वाचा, दादा," ती म्हणाली. "हेही गाळू नका."