तळहाताला कळलेलं दुःख

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. डॉक्टर आणि नर्स होऊ घातलेली पोरं पायऱ्यांवरही दाटीवाटीने बसली होती. मंचावर डोळ्यांना काळी पट्टी बांधून गुरुजी उभे. पेशंटपासून वीतभर लांब त्यांचा तळहात फिरला, की त्याचं दुःख, त्याच्या चालीरीती, सगळं त्यांना कळायचं म्हणे.

“विचारायचं नाही, बाळांनो! प्रश्न ही भिंत आहे. तळहात उघडा, समोरच्याची संस्कृती आपोआप आत येते!”

ही शिकवणी सक्तीची होती. शेवटच्या वर्षाच्या नर्सताईचा मात्र त्यावर विश्वास उरला नव्हता. तिच्या वॉर्डातल्या मावशींचा पाय सडत चालला होता. मागच्या आठवड्यात गुरुजींनी त्यांच्यापुढे तळहात फिरवून सांगितलं, “नवरा गेलाय तुमचा.” मावशी ढसाढसा रडल्या, सभागृह हेलावलं. त्या भरात गुरुजींनी पुढचं ठोकून दिलं, “यांच्या लोकांत अंगाला शस्त्र लावणं पाप. आदर करा!” मोठ्या डॉक्टरांनी मान डोलावून ऑपरेशन रद्द केलं.

पण त्या दिवशी पेशंट आणताना ताईने एक पाहिलं होतं. गुरुजींचा गोडबोल्या मदतनीस व्हरांड्यात रांगेतल्या प्रत्येकाची विचारपूस करत होता आणि मग आत जाऊन गुरुजींच्या कानाला लागत होता.

आज तो आत गेल्याबरोबर तिने पहिल्या दोन पेशंटच्या चाकाच्या खुर्च्या मागेपुढे केल्या.

तळहात फिरला. गुरुजी हळव्या सुरात म्हणाले, “आई, तिसरं बाळंतपण फार जड गेलं ना?”

“मला?” खुर्चीतले मिशाळ सुतारकाका दचकले. “अहो, माझं तर लग्नसुद्धा झालं नाही!”

हशा पिकला. मदतनीसाने मागचं दार गाठलं. “इथे नकारात्मक लहरी...” गुरुजी पट्टी ओढत पुटपुटले.

“लहरी कसल्या, सर? मी खुर्च्या बदलल्या,” ताई उभी राहिली. “तुमचा माणूस बाहेर सगळं काढून घेतो, रांगेच्या क्रमाने तुम्हाला सांगतो. विचारल्याशिवाय तुम्हालाही काही कळत नाही!”

ती तडक वॉर्डात गेली. “मावशी, ऑपरेशन का नको तुम्हाला?”

“नको कधी म्हणाले मी? आत सगळे पुरुष असतात म्हणे. कपडे काढायला एखादी बाई असावी, एवढंच. पण तुमच्या गुरुजींनीच पाप म्हटलं. मी काय बोलणार, पोरी?”

“मी असेन आत.”

ऑपरेशन झालं, मावशी वाचल्या. मागच्या आठवड्यात पायाची दोन बोटं कापून भागलं असतं, आता पाऊल गेलं. आणि त्या दिवशी हेलावलेली हीच पोरं उद्याचे डॉक्टर म्हणून मिरवतात! पोरांनो, माणसाच्या मनातलं तळहाताला कळत नाही. ते तोंडाने विचारावं लागतं आणि उत्तर संपेपर्यंत ऐकावं लागतं.