सूर फुंकण्याआधी
इथे अरबांच्या मुलखात, तेल कंपनीतला एक इंग्रज इंजिनिअर गाशा गुंडाळून विलायतेला निघाला, तेव्हा त्याचा ग्रामोफोन आमच्या घरी आला. जड लाकडी पेटी आणि सोबत एकच तबकडी. आमचे हे, खलील, तिथेच टायपिस्ट. पाकिटामागचा इंग्रजी मजकूर वाचून त्यांनी मला सांगितला. कुणी स्क्रियाबिन म्हणून रशियन. त्याला म्हणे सुरांत रंग दिसत. हिमालयाच्या पायथ्याशी दिवसच्या दिवस चालेल असं संगीत त्याला करायचं होतं. ढगांना घंटा टांगायच्या, धूप जाळायचा. ते संपलं की जग संपेल आणि माणसं एकमेकांत विरघळून जातील.

"मग?"

"मग काय, त्याच्या आधी तोच संपला. ओठावर फोड आला, तो चिघळला."

मी सुरय्याला मांडीवर घेऊन ऐकत होते. ती वर्षाची होत आली होती. दारात पाण्याचा टँकर भोंगा वाजवी तेव्हा गल्लीतली सगळी पोरं दचकत. सुरय्या आपल्या पायाच्या अंगठ्याशी खेळत राही. मी तिच्या पाठीमागे ताटलीही आपटून पाहिली होती. यांना सांगितलं नव्हतं.

शेजारच्या रबियाखालांना संशय होता. त्याही आमच्या रत्नागिरीकडच्या. "जन्मली तेव्हा कानात बांग दिली होती काय गो, अनीसा?"

दिली होती, पण उशिरा. सुरय्या झाली तेव्हा हे दूर वाळवंटात, दुखानला तेलाच्या कामावर होते. आठवड्यानं आले तेव्हा दिली.

"पहिला आवाज तो पडायला हवा होता," खाला म्हणाल्या.

शुक्रवारी नमाजाहून आल्यावर यांनी तबकडी लावली. खाला सांदणांची ताटली घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या.

"हे काय रे, खलील? कोण भांडी पाडतंय?"

"पियानो आहे, खाला. हा रशियन म्हणायचा, आपल्या सुरानं दुनियेचा शेवट होणार."

ताटली कलंडता कलंडता राहिली. खालांना सूर ठाऊक एकच: कयामतीच्या दिवशी इस्राफिल फरिश्ता फुंकणार तो कर्णा.

"तोबा तोबा! सूर काय घरात वाजवायची चीज आहे? बंद कर! सांदणं तरी खाऊ देत."

"खाला, तो सूर वेगळा. हा गाण्यातला."

"सूर तो सूर. खलास कर म्हणते ना!"

हे हसत होते. तेवढ्यात सुरय्या रांगत पेटीपाशी गेली आणि तिनं दोन्ही तळवे लाकडावर टेकले. खर्जातले जाड सूर चालले होते. ती थांबली, मग खदखदून हसली. खालांनी पुढे होऊन सुई उचलली. सुरय्याचं हसू अर्ध्यावर राहिलं. तिनं पेटीवर थापट्या मारल्या. यांनी सुई पुन्हा टेकवली. ती पुन्हा हसली.

"ऐकते गो, ऐकते!" खालांचे डोळे भरले.

मी सुरय्याला उचललं, पेटीकडे पाठ करून खांद्याशी धरलं. पियानो दणाणत होता. ती माझ्या कानातली बाळी ओढत राहिली. खाली ठेवलं, तळवे लाकडाला लागले, की हसू.

"हातांनी ऐकते," मी म्हटलं. "कानांनी नाही."

यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुला कधीपासून माहीत आहे?"

"टँकरच्या भोंग्याला दचकली नाही तेव्हापासून."

"उद्या इस्पितळात नेऊ," ते म्हणाले. पण उठले नाहीत.

खालांनी सुई उचलली, या वेळी अलगद. डोक्यावरून पदर घेतला. "यल्ला, चल, खलील. घे तिला. तिचा हात तुझ्या गळ्यावर ठेव."

"कशाला?"

"बांग दे. दुसऱ्यांदा दिली म्हणून अल्ला रागावत नाही."

यांनी घसा खाकरला. सुरय्याचा तळवा गळ्यावर दाबून धरला आणि सुरुवात केली. पहिल्या ओळीला आवाज फाटला, पुढे सावरला. सुरय्या आधी गळ्याची घाटी पकडायला बघत होती. मग तिचा हात तिथेच राहिला. ती हसली नाही. भुवया उंचावून यांच्या तोंडाकडे बघत होती.

बांग संपली. सुरय्यानं यांच्या गळ्यावर दोन थापट्या मारल्या, पेटीवर मारल्या होत्या तशाच.

"परत दे," खाला म्हणाल्या.