खालिस की खलास

बोरगव्हाणच्या मारुतीसमोरच्या मंडपात २१६ खुर्च्या होत्या, त्यांतल्या चौदा मोडक्या. पाण्याची पिंपं सहा, त्यांतली पाच कोरडी. कूलर एक, त्याचं तोंड महाराजांकडे. ‘उदगीर जिल्हा झालाच पाहिजे’ असे फलक अकरा, त्यांतल्या तीन फलकांवर ‘जि’ दीर्घ. देवळाच्या आडात पाणी बावीस सेंटिमीटर, तेही हिरवं. तारीख २२ एप्रिल २०१६, सप्ताहाचा शेवटचा दिवस.

मोजणं हे माझं कामच होतं. रसायनशास्त्रात पदवी घेतल्यावर मला जळकोट तालुक्यात पाण्याचे नमुने घेण्याचं अकरा महिन्यांचं काम मिळालं होतं. बोरगव्हाणात पाणी असलेला एकच बोअर उरला होता. तो बुद्धनगरच्या धुरपताबाईंच्या अंगणात होता. तिथून गावच्या टाकीपर्यंत १८० मीटर पाइप टाकायचा, असं ठरलं होतं. पाइप बुद्धनगरच्या गल्लीतून जाणार, म्हणून गल्लीला तीन नळ मिळणार होते. त्या गल्लीत आजवर एकही नळ नव्हता. धुरपताबाईंनी सरकारला बोअर दिला तो या तीन नळांसाठी, आणि नळ कुठं बसतील तिथं त्यांनी चुन्याच्या फुल्याही मारून ठेवल्या होत्या.

मग महाराजांचं कीर्तन झालं.

महाराज नगरकडचे. नव्या जिल्ह्याला आशीर्वाद द्यायला त्यांना बोलावलं होतं. ते म्हणाले, जिल्हा मिळेल, पण जिल्ह्याच्या लायकीचं रक्त कुठं आहे? या सरहद्दीवर कानडी मिसळलं, तेलंगी मिसळलं, निजामाचं मिसळलं, वर काहींनी धर्मही बदलला. दुधात पाणी घातलं की साय धरत नाही, तशी इथं देशभक्ती धरत नाही. आणि मग त्यांचं वाक्य आलं: “हे भेसळीचं रक्त आधी खालिस करा, मग जिल्हा मागा.”

किंवा ते म्हणाले, “खलास करा.” नेमक्या त्या क्षणी भोंग्यानं शिट्टी मारली.

टाळ्या मात्र दोन्ही अर्थांना पडल्या. सगळ्यांत जोरात मन्मथ किराणावाल्यानं वाजवल्या. त्याच्या घरात कानडी चालते, दुकानात मराठी आणि भांडणात उर्दू. महाराज आपल्याबद्दल बोलले हे त्याला रात्री जेवताना आई दानम्मानं सांगितलं. तेव्हापासून तो विरोधी गटाचा पुढारी होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रामसभा बसली. विषय पाइपाचा होता, पण मोबाइलवरची चित्रफीत सतरा वेळा वाजवून झाली.

“खलास म्हणले,” मन्मथ म्हणाला. “म्हणजे आमाला मारायचं सांगून राहिले.”

“खालिस म्हणले,” अर्जुनराव म्हणाले. ते माजी सरपंच आणि जिल्हा निर्माण समितीचे गावातले अध्यक्ष. “म्हणजे शुद्ध. संतांच्या तोंडात वाईट शब्द येत न्हाई.”

“पण खालिस हा शब्दच निजामाचा हाय, अर्जुनराव. महाराजांच्या जिभेतच भेसळ निघाली की.”

“तुजी जीभ आवर, मन्मथ. देशाबद्दल चालू हाय.”

“मी तर रेशनच्या साखरेबद्दल बोलतानाबी उभा ऱ्हातो. अजून किती देशभक्ती पाहिजे?”

माणसं हसली. धुरपताबाई बायकांच्या शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनी बसल्या जागेवरून विचारलं, “दादा, मला एक सांगा. खालिस केलं तर कोण जाणार?”

मन्मथनं वाजती चित्रफीत थांबवली.

“आन् खलास केलं तर?”

अर्जुनरावांनी टोपी सारखी केली.

“मग एका काना-वेलांटीसाठी सकाळपासून काय भांडून राहिलाव? आमचं दोन्हीकडून एकच होतंय. पाइपाचं बोला.”

अर्जुनराव पाइपाचं बोलले. त्या बोअरचं पाणी मचूळ आहे, असं त्यांचं म्हणणं. गल्लीबद्दल ते काहीच बोलले नाहीत. कायद्यानं काय बोलता येतं आणि काय नाही, हे त्यांना पाठ होतं. पाइप रद्द करावा आणि तोच निधी देवळाचा आड खोल करायला वापरावा, असा ठराव त्यांनी लिहूनच आणला होता.

“मचूळ हे कुणी चाखून ठरवलं?” मी विचारलं.

“चाखायला कशाला पाहिजे, मॅडम? पाण्याला माती लागते, माती तशी चव.”

मी शब्दाच्या वादाकडे वळले, कारण तो मोजता येईल असं मला वाटलं. महाराज ‘खालिस’ कसं उच्चारतात हे दुसरीकडे सापडलं, तर दोन्ही उच्चार शेजारी ठेवून बघता येतील. चित्रफितीच्या एकेचाळिसाव्या मिनिटाला ते सापडलं. महाराज एक घोट पितात, तांब्या उंच धरतात आणि भोंग्याच्या शिट्टीविना स्वच्छ म्हणतात, “हे बघा पाणी. याला म्हणायचं खालिस. या मातीतल्या अस्सल माणसांच्या आडाचं.”

तुलनेचा उपयोग झाला नाही. पहिल्या ठिकाणी शिट्टी इतकी मोठी होती की स्वर ऐकूच येत नव्हता. तसं मी सांगितलं.

अर्जुनराव मात्र खुलले. “शब्द ऱ्हाऊ द्या. पाणी बघा. महाराजांनी देवळाच्या आडाला खालिस म्हणलं का न्हाई? आता आड खोल करायला कुणाची हरकत?” त्यांनी मुलीला घरी पिटाळलं आणि एक बाटली मागवली. तांब्यात उरलेलं पाणी त्यांनी देव्हाऱ्यात तीर्थ म्हणून ठेवलं होतं. बाटलीला हळदकुंकू वाहिलेलं होतं.

मी सप्ताहाचे स्वयंपाकी पिराजी यांच्याकडे बघितलं, कारण तांब्या भरायचं काम त्यांचं होतं. ते चपलेचा अंगठा बघत होते.

“पिराजीमामा, तांब्या कुठं भरला?”

“आता काय सांगू, मॅडम.”

“सांगा की.”

“आडात मेलेला बेडूक हाय, संक्रांतीपासून. तसलं पाणी म्हाराजांना कसं पाजावं?” ते थांबले. “सातबी दिवस धुरपताबाईकडूनच भरून आणलो. भातबी त्याच पाण्यात शिजला. लई बरं शिजतो.”

“हाव,” धुरपताबाई म्हणाल्या. “घागर मीच उचलून देत होते त्यांच्या डोस्क्यावर.”

अर्जुनराव म्हणाले, पिराजी खोटं बोलतो, त्याला कुणीतरी फितवलंय. मी खिशातून मीटर काढलं. पाण्यात किती क्षार विरघळलेत ते या पेनाएवढ्या यंत्रावर लगेच कळतं; आकडा जितका मोठा, तितकं पाणी मचूळ. त्यांनी आधीच सांगितलं की शहरातल्या यंत्रावर विश्वास नाही. म्हणून मी यंत्र त्यांच्याच हातात दिलं आणि आकडा मोठ्यानं वाचायला सांगितला. नमुने त्यांच्या मुलीनं आणले.

देवळाचा आड: १९४०.

धुरपताबाईंचा बोअर: ३८६.

बाटली उघडायला त्यांनी वेळ घेतला. कुंकू बोटाला लागू नये अशा बेतानं झाकण फिरवलं, यंत्र बुडवलं, आणि मग डोळे बारीक करून बघत राहिले.

“वाचा की, अध्यक्ष,” मन्मथ म्हणाला.

“तीनशे... शहाऐंशी.”

ठराव मागे पडला. पाइपाच्या बाजूनं ६१ हात वर झाले, विरोधात नऊ. अर्जुनरावांचे दोन्ही मोजता आले नाहीत. एका हातात बाटली होती, एका हातात यंत्र.

मात्र उठता उठता त्यांनी सुचवलं की पाइप गल्लीतून न नेता गायरानाच्या कडेनं न्यावा. १३० मीटर जास्त लागतील, पण रस्ता मोकळा.

“न्या,” धुरपताबाई पदर झटकत म्हणाल्या. “मोटारीचं बटण माज्या अंगणात हाय, ते कुठून नेताव ते बी सांगा.”

पाइप गल्लीतून गेला.

१४ मे, सकाळी सात. दहा लिटरची बादली भरायला लागलेला वेळ: गल्लीतला पहिला नळ ५२ सेकंद, दुसरा ५४, तिसरा ५७. गावच्या टाकीवरून येणारा देवळासमोरचा नळ ६१. क्षार चारही ठिकाणी ३८६.