घरचंच तर आहे

सगळी वस्ती त्याला टोच्या म्हणायची. कुत्र्यांना लस टोचणं हा त्याचा धंदा, आणि उपदेश त्यावर फुकट. पिल्लांमध्ये पार्व्होची साथ आली तशी त्याची जीभ आणखीच सैल सुटली. हा रोग बुटावरून येतो, आजारी कुत्र्याच्या घरून आलेल्या पाहुण्याला आत घेऊ नका, असं तो दारोदार बजावत फिरे. पिशवीत एक पसरट घमेलं बाळगी. कुणाचंही फाटक असो, घमेल्यात ब्लीचचं पाणी ओतून त्यात बुटांसकट चांगला वेळ उभा राही, मगच आत जाई. लोक हसत. हसोत बापडे.

थोरल्या बहिणीच्या घरी मात्र ही कवायत नसे. भाऊजी गेल्यापासून ताईचं बोलणंच बंद झालं होतं. टोच्यानं आणून दिलेल्या पिल्लानं तिला पुन्हा बोलतं केलं. ती त्याला दटावायची, गोंजारायची, भाऊजींच्या राहून गेलेल्या तक्रारीही त्याच्याकडेच करायची. तिचा जीव त्या मूठभर पिल्लावर टिकून होता, आणि हे टोच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्या दिवशी भंगारवाल्याच्या आवारात मरायला टेकलेली पिल्लं बघून तो तसाच ताईकडे लस द्यायला आला. घमेलं पिशवीतून निघालंच नाही. घरचंच तर आहे! पिल्लू नेहमीसारखं त्याच्या बुटांच्या नाड्यांना झोंबलं, ताई हसली. त्यानं सुई टोचली आणि आता निर्धास्त राहा म्हणाला. लस लागू पडायला वेळ लागतो, हे परक्यांना सांगायला तो कधी चुकला नव्हता. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

आठवडाही झाला नाही तोच पिल्लाला रक्ताची हगवण लागली. खिडकीच्या गजाला सलाईन टांगून दोघं स्वयंपाकघरातल्या फरशीवर बसून राहिले. पिल्लाच्या पोटात पाण्याचा थेंब ठरेना. दुपारी ते गेलं. ताईनं त्याला जुन्या टॉवेलात गुंडाळलं आणि टॉवेलाच्या कडा सारख्या करत बसली.

"मीच मारलं त्याला," ती म्हणाली. "एकदा फाटकापर्यंत नेलं होतं. तू नको म्हणाला होतास."

गप्प बसणं सोपं होतं. पण त्यानं सगळं सांगून टाकलं. भंगारवाल्याचं आवार, तेच बूट, पिशवीत राहिलेलं घमेलं.

ताई टॉवेलाच्या कडा सारख्या करतच ऐकत राहिली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"नाही," ती म्हणाली. "रोग फाटकापाशीच लागला त्याला."

"ताई, अगं मी सांगतोय ना."

"नको सांगूस. रोग तू आणलास म्हटलं तर मला तुझं तोंड बघवणार नाही रे. आणि तुझ्याशिवाय मला आता आहे कोण?"

त्यानं गजावरची सलाईनची बाटली उतरवून ठेवली.

"बरं," शेवटी तो म्हणाला. "फाटकापाशीच लागला असेल."

तेव्हा कुठे ताईचा बांध फुटला. स्वतःला बोल लावत ती ओक्साबोक्शी रडू लागली, आणि तिची समजूत घालायला त्यालाच बसावं लागलं.