दुसऱ्या बारमधला डी

शिवणयंत्रं दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळे मेकॅनिक म्हणत, आणि मेकॅनिक सगळ्यांना मनातल्या मनात अडाणी म्हणत असे. गिऱ्हाइकं आधी घरी स्वतःच स्क्रू पिळून ठेवत आणि मग मशीन घेऊन येत. वर सांगत, कुणी हात लावला नाही. मेकॅनिक वाद घालत नसे. स्क्रूच्या खाचेतला ताजा ओरखडा बोटाने दाखवायचा आणि कामाला लागायचा.

गिटारच्या बाबतीतही तेच. चौघांच्या ब्लूज बँडमध्ये तीस वर्षं सोलो त्याचा. बायको शेजारी खुर्चीवर बसून साथीला कॉर्ड, म्हणजे एकत्र छेडलेले सूर, वाजवायची, तिची धाकटी बहीण बेस वाजवायची आणि ड्रमवर एक सुतार असायचा. सुताराला मेकॅनिक ठोकळा म्हणायचा. बायकोच्या वाजवण्याला म्हणायचा पाट्या टाकणं. कुणी तिचं कौतुक केलंच तर म्हणे, तीन तर कॉर्ड आहेत, त्यात काय दिवे लावायचेत. ती हसायची आणि तारा पुसायला घ्यायची.

ती गेली त्याला वर्ष होत आलं, तेव्हा बँडने वाचनालयावरच्या हॉलमध्ये दुपारचा एक कार्यक्रम ठरवला. एका टेपवर तिचे एकटीचे कॉर्ड होते. ते स्पीकरवर लावायचे आणि त्यावर सोलो वाजवायचा. सोलो आपलाच, हे मेकॅनिकने धरूनच चाललं होतं. पण मेहुणी दुकानात आली आणि उभ्या उभ्याच म्हणाली की सोलो शाळेतले भूगोलाचे मास्तर वाजवणार आहेत, ते हौसेने गिटार वाजवतात ते.

"तो? तो गिटार धरतो की नकाशा?"

"कसंही धरू देत. त्यांना ताईचे कॉर्ड ऐकू येतात. तुम्हाला येत नाहीत, भाऊजी."

मेकॅनिकने हातातला पेचकस खाली ठेवला. मेहुणी मागे हटली नाही. तिने सरळ सांगितलं की तुमचे ते पाच सूर तुम्ही ए कॉर्डवर वाजवता, डीवरही तेच, ईवरही तेच. खाली कॉर्ड बदलतो आणि वर तुमची आपली गाडी सुसाट. प्रत्येक कॉर्डचा तिसरा सूर त्या कॉर्डची ओळख सांगतो. कॉर्ड बदलला की त्याच्या सुरावर येऊन टेकायचं असतं.

"सुई खाली येते तेव्हा खालचा दोरा पकडणारा हूक कुठे आहे हे न बघता चाक फिरवणाऱ्याला तुम्ही काय म्हणता?"

"गाढव."

"मग?" ती म्हणाली.

 शेवटी तिने एक अट घातली. रविवारी घरी या, टेपवर एक फेरी वाजवा, दर बारला, म्हणजे दर चार ठोक्यांना, एकच सूर, पण त्या कॉर्डचा. जमलं तर सोलो तुमचा. जाताना ती टेप बॉबिनच्या डब्याशेजारी ठेवून गेली.

मेकॅनिकला हसू आलं. एकच सूर म्हणजे पोरखेळ. त्याने पुस्तकातली बारा बारांची फेरी कागदावर उतरवून भिंतीला चिकटवली. पहिले चार बार ए, मग दोन डी, पुढचं पुढे. एवर सी शार्प, डीवर एफ शार्प, ईवर जी शार्प. मशीन सुटं पडलेलं असताना तो बार मोजत वाजवायचा. दोन दिवसांत हात आपोआप जायला लागला. टेप मात्र त्याने लावली नाही. मनाशी म्हणाला, तिचे कॉर्ड आपल्याला नवीन आहेत का? खरं म्हणजे दोनदा हातात घेऊन त्याने ती परत ठेवली होती.

रविवारी मेहुणीच्या स्वयंपाकघरात टेबलावर टेप सुरू झाली. आधी खुर्ची करकरली. मग बायकोने हळू आवाजात चारपर्यंत आकडे मोजले. मेकॅनिकने मान खाली घातली. पहिल्या बारला सी शार्प चपखल बसला. दुसऱ्या बारला तोच सूर, आणि सुई पत्र्यावर आपटावी तसं कानाला लागलं. त्याने हात काढला.

"इथे ती चुकलीय," तो म्हणाला.

 मेहुणीने खणातून दुसरी टेप काढून लावली, दहा वर्षांपूर्वीची, हॉलमधली. वर मेकॅनिकचा सोलो धो धो चाललेला आणि खाली बायको दुसऱ्या बारला डीवर जाऊन तिसऱ्याला एवर परत येत होती. पुढच्या फेरीतही तसंच. तिसऱ्या टेपवरही तसंच. त्याचे ते पाच सूर एवर आणि डीवर दोन्हीकडे खपून जायचे, कुठेच टोचायचे नाहीत.

"ती नेहमी दुसऱ्या बारलाच डीवर जायची," मेहुणी म्हणाली. "एकदा तुम्हाला विचारलं होतं तिने, हे असं आवडतं का म्हणून. तुम्ही म्हणालात, कसं?"

मेकॅनिक बराच वेळ गिटारच्या दांडीवरचा ओरखडा अंगठ्याने घासत बसला. मग म्हणाला, मास्तरला सांग वाजवायला.

"सात दिवस आहेत," ती म्हणाली. "गिटार इथे ठेवून जा. टेप घेऊन जा."

सात दिवस तो दुकानात टेप ऐकत राहिला. खुर्ची करकरायची, ती मोजायची, दुसऱ्या बारला डीवर जायची. एका बाईने विचारलं, एकच गाणं किती वेळा लावता? तिचं मशीन त्याने तसंच परत दिलं आणि दुसरीकडे न्यायला सांगितलं.

कार्यक्रमात त्याने फार थोडं वाजवलं. एक सूर, मग थांबणं, मग कॉर्ड बदलला की दुसरा. दुसऱ्या बारला डी आला आणि तो एफ शार्पवर येऊन टेकला. तिचा डी ऐकून त्या सुरावर तो आयुष्यात पहिल्यांदाच आला होता. पुढे काही जागा हुकल्या.

नंतर लोक भोवती जमले. कुणी पाठीवर हात ठेवला. सुतार मास्तरांच्या कानात म्हणाला, हात गेला बिचाऱ्याचा, पूर्वी काय वाजवायचा. मेकॅनिकने ते ऐकलं. त्याने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. तीस वर्षं हेच लोक समोर बसून टाळ्या वाजवत होते आणि यांनाही दुसरा बार कधी ऐकू आला नव्हता. सगळे अडाणी. फरक एवढाच, की आता त्या यादीत सगळ्यात वर कोण, हे त्याला माहीत होतं.

मेहुणी बेसची वायर गुंडाळत होती.

"चार जागा चुकल्या," ती म्हणाली.

"पाच," मेकॅनिक म्हणाला, आणि भिंतीशी रिकामी ठेवलेली बायकोची खुर्ची उचलून जिन्याकडे निघाला.